खो कुणी दिला, ते लिहायला लागलो तेव्हा

महाविद्यालयाचा मुलींचा खो-खो संघ प्रशिक्षक म्हणून माझ्याकडे आला तेव्हा पळणाऱ्या चांगल्या होत्या, सूर मारणाऱ्या होत्या, आणि तरी विभागीय स्पर्धेतून आम्ही लवकर घरी यायचो. कारण गुणपत्रिकेतच होतं. तिच्यात गडी कितव्या सेकंदाला बाद झाला, कोण बाद झालं आणि कुणी केलं, हे असतं. त्याआधीचा खो कुणाचा, याला रकानाच नाही. मग प्रत्येकीला आपल्या क्रमांकापुढे गडी हवा असतो, यात पोरींचं तरी काय चुकलं?

हा लोभ मैदानावर कसा दिसतो ते बघा. रनर, म्हणजे पळणारी, एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्यांच्या मधून एकेक करत नागमोडी पळतेय; चेसर, म्हणजे पाठलाग करणारी, तिच्यामागे दीड-दोन मीटरवर. रनर दोन बसलेल्यांच्या मधून पलीकडे वळते. चेसरला मधली पाटी, म्हणजे दोन खांबांना जोडणारा पट्टा, ओलांडता येत नाही, त्यामुळे वळणाच्या क्षणी पलीकडे तोंड करून बसलेलीला पाठीमागून खो द्यायचा आणि तिच्या जागेवर बसायचं. ताज्या दमाची पोरगी रनरच्या समोरच उठते. पण "सापडतेच आता" म्हणून चेसर हात लांबवते, आणि त्या नादात बसलेलीची आडवी पाटी, म्हणजे तिच्या जागेवरून मैदानाला आडवा जाणारा पट्टा, ओलांडून जाते. आता मागे फिरता येत नाही. पुढची बसलेली तर आपल्याकडेच तोंड करून आहे, तिचा उपयोग नाही. तिच्याही पुढची गाठावी लागते. तेवढ्यात रनरने दोन श्वास घेतलेले असतात. नऊ मिनिटांच्या टर्नमध्ये, म्हणजे पाठलागाच्या एका पाळीत, असं आठ-दहा वेळा झालं की दोन गडी हातचे गेलेच समजा. हे मी भाषणात सांगून काही उपयोग झाला नाही. सगळ्या माना हलवायच्या आणि मैदानात पुन्हा हात लांबवायच्या.

म्हणून वही केली. साधी दोनशे पानी. रकाने पाच: वेळ, बाद झालेली, बाद करणारी, आधीचे दोन खो, फाऊल. सरावातल्या सामन्यात गड्याला एक गुण, आणि त्याआधीचे दोन खो देणाऱ्यांनाही एकेक. म्हणजे एक गडी पडला की तिघींच्या नावापुढे काहीतरी लागतं. लिहायचं काम संघातल्या बारा जणींच्या बाहेर राहिलेल्यांकडे. आमच्याकडे सतरा येतात, त्यातल्या पाच बाहेर. एक घड्याळ धरते, एक क्रमांक पुकारते, एक लिहिते, चौथी खांबामागून फोनवर चित्रण करते, पाचवी शिट्टी घेऊन फाऊल धरते. कामं दर टर्नला फिरतात. बाहेर बसलेली पोरगी कंटाळून फोनमध्ये डोकं घालते आणि महिन्याभरात यायचीच बंद होते, हा संघ फुटण्याचा सगळ्यात जुना रस्ता. लिहायला बसवल्यावर निदान तिला खेळ कळायला लागतो. दोघी-तिघी तर माझ्या आधी चूक पकडतात.

पहिले पंधरा दिवस नोंदी भलत्याच आल्या. खो इतके भराभर पडतात की नाव पुकारेपर्यंत पुढचे दोन होऊन जातात. सरावालाही पाठीवर क्रमांक सक्तीचे केले, जुन्या टी-शर्टवर जाड मार्करने. नाव पुकारायचं नाही, फक्त आकडा. मग जमलं.

दुसरी अडचण मात्र मीच ओढवून घेतली होती. खोला गुण म्हटल्यावर पोरी उगाच खो वाटत सुटल्या, आणि घाईने. हात आधी, आवाज नंतर. बसलेलीही खो मिळायच्या आत अर्धी उठलेली. दोन्ही फाऊलच. फाऊल चालू असताना मारलेला गडी धरत नाहीत, आणि खेळ सावरेपर्यंत रनर आरामात लांब जाते. मग फाऊलला एक गुण वजा केला: उशिरा आवाज असेल तर देणारीचा, आधी उठली तर बसलेलीचा. त्यासाठी रोज दहा मिनिटं नुसतं उठ-बस. चेसर चालत येते, हात आणि "खो" एकदम, बसलेली तेव्हाच सुटते. धावायचं नाही. दिसायला अगदी बालवाडी, पण पळापळीत बिघडतं ते इथेच दुरुस्त होतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. त्यानंतर प्रत्येक पोरीला हवेत सूर मारायचाय. मारा की. पण मी त्याच सामन्यांचं चित्रण लावते तेव्हा सूर मारायच्या आधी थांबवते आणि विचारते, हा गडी खांबाकडे ढकलत कुणी आणला?

मैदानाचा नियम एका ओळीचा आहे: जिचा चौरस (बसायची जागा), तिची पाटी. आपल्या चौरसाच्या दोन्ही बाजूंची आडवी पाटी तिने स्वतः वेचायची. खडा, काच, बाभळीचा काटा, सगळं. खांबाजवळच्या दोन पाट्यांत सूर जास्त पडतात म्हणून तिथे सर्वांत बारकाईने वेचावं लागतं, आणि त्या पाट्या कर्णधार व उपकर्णधाराकडे. पाणी आदल्या संध्याकाळी मारायचं. ऐनवेळी मारलं तर माती निसरडी राहते; मारलंच नाही तर मांडी आणि कोपर सोलून निघतात. रेषांची फक्की (पांढरी भुकटी) शेवटी. वीस मिनिटांत होतं. पहिल्या वर्षाच्या पोरींकडून खांब रोवून घ्यायचे आणि तिसऱ्या वर्षाच्यांनी केस बांधत उभं राहायचं, ही पद्धत बंद केल्यावर थोडी कुरबूर झाली. कर्णधार खाली बसून खडे वेचायला लागली तशी ती थांबली.

उशिरा येणारीला दहा रुपये दंड, हा प्रयोग साफ फसला. उशीर बहुतेक वेळा एसटीचा असतो, आणि दहा रुपये कुणाला काहीच नसतात तर कुणाला परतीच्या वाटेवरचा वडापाव. उलट दंड भरला की हिशेब मिटला, असं वाटायला लागलं. आता सरावाची वेळच एसटीला जोडली आहे. साडेचारला सुरू, सव्वासहाला बंद, कारण शेवटची गाडी पावणेसातची. गाडी चुकते या धास्तीने घरच्यांनी मुलगी पाठवणं थांबवलं तर कुठली शिस्त आणि कुठलं काय.

बॅच, म्हणजे पळायला एकदम उतरणाऱ्या तिघी, ठरवताना सगळ्यात जास्त रुसवे-फुगवे होतात. पहिल्या तिघीत नाव म्हणजे मान. तेही वहीवर सोपवलं: शेवटच्या सहा सराव सामन्यांतल्या संरक्षणाच्या, म्हणजे बाद न होता पळत राहिलेल्या, वेळेची सरासरी. एखादीचा एक दिवस अडीच मिनिटांचा आणि बाकी सगळे तीस-चाळीस सेकंदांचे असतात. सर्वोत्तम वेळ धरली तर तीच वर येते आणि सामन्यात तोंडघशी पाडते. यादी सोमवारी जिमखान्याच्या दारावर लागते. माझ्या अंदाजाने मी फक्त एकच बदल करू शकते, आणि त्याचं कारण यादीखाली लिहावं लागतं.

पहिली बॅच संपली की पुढच्या तिघींनी दोन खो व्हायच्या आत मैदानात असायला हवं. आमच्या पोरी बाद झालेलीचं सांत्वन करत बसायच्या आणि धावत, धडपडत आत शिरायच्या. त्यात एक लगेच जायची. आता दुसरा गडी पडला की पुढची बॅच रेषेवर उभी. बाद होऊन आलेलीनेही कोपऱ्यात जाऊन रडायचं नाही. पुढच्या बॅचला तिने दोन गोष्टी सांगायच्या: सूर कोण मारतंय आणि कुठल्या खांबावर. रडायचं असेल तर नंतर, हवं तेवढं.

वही जिमखान्यात उघडी असते. नोंदीवर हरकत असेल तर दुसऱ्या दिवशीच्या सरावापर्यंत घ्यायची, मग चित्रण लावून बघतो. तोवर आकडे पेन्सिलने, त्यानंतर शाईने. हरकती आधी "माझा गडी लिहिला नाही" अशा असायच्या. हल्ली येतात त्यातल्या बऱ्याच "मॅडम, तो खो तिचा होता, माझ्या नावावर पडलाय" अशा असतात.