तास कोणाचे?

फिनिक्स, १८ जून

माझ्या लॉगबुकातला, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीतला, तासांचा आकडा आज १,१४६ झाला. अमेरिकेत विमान कंपनीत सह-वैमानिक म्हणून रुजू व्हायला १,५०० तास लागतात, म्हणजे अजून ३५४ बाकी आहेत. ते मी शिकाऊ वैमानिकांना शिकवत भरतो आहे. ही वजाबाकी मी रोज करतो, आणि आज प्रथमच ती करताना मला संकोच वाटला.

पहाटे पावणेसहाला डिअर व्हॅली विमानतळावर ३१ अंश तापमान होते. जेमतेम दीड हजार फुटांवरच्या या धावपट्टीवर अशा उकाड्यात हवा इतकी विरळ होते की, पावणेचार हजार फुटांवरून उडत असल्यासारखे आमचे छोटे सेस्ना १७२ विमान सावकाश चढते. लेक प्लेझंटच्या बाजूला ४,५०० फुटांवर विद्यार्थ्याकडून स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटते त्या स्थितीचा, सराव घेतला. वेग उतरत गेला, डाव्या पंखातली इशाऱ्याची शिट्टी आधी बारीक आणि मग रडवेली वाजू लागली, डावा पंख झुकला, आणि विद्यार्थ्याने योक (हातातले सुकाणू) पुढे सारण्याऐवजी पोटाशी ओढून उजवीकडे फिरवला. त्याच्या बोटांची पेरे पांढरी पडली होती. ‘कंट्रोल माझ्याकडे’ म्हणत मी नाक खाली केले आणि शेपटीच्या सुकाणूचे, म्हणजे रडरचे, उजवे पेडल दाबले. सलग तिसऱ्या उड्डाणात हेच घडले.

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोजवळ कोलगन एअर या कंपनीचे प्रवासी विमान पडले, तेव्हा स्टॉलचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने योक असाच मागे ओढला होता. ५० माणसे गेली. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून सह-वैमानिकालाही १,५०० तासांची अट लागू झाली. त्याआधी २५० तासांच्या व्यावसायिक परवान्यावर ते काम मिळू शकत असे. त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास मात्र १,५०० च्या वर होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

उतरल्यावर विद्यार्थ्याने विचारले, “एकट्याने उडायला अजून किती दिवस?” तो रात्रपाळी करून शिकवणीचे पैसे उभे करतो. मी “अजून तीन उड्डाणे” असे सांगितले आणि दिवसभर ते उत्तर तपासत राहिलो. तो एकटा उडेल ते तास त्याचे असतील, माझ्या लॉगबुकात त्यांची नोंद होणार नाही. पण मी शेजारी बसेन तो प्रत्येक तास माझ्या १,५०० मध्ये जमा होईल, आणि त्याचे पैसे तो भरेल. त्याला थांबवणे योग्यच आहे असे मला मनापासून वाटते, परंतु ज्या निर्णयात माझा लाभ आहे त्याचा न्यायाधीश मी एकट्याने असू नये.

म्हणून संध्याकाळी एका ज्येष्ठ सहकारी प्रशिक्षिकेला फोन केला. माझे मत तिला मुद्दाम सांगितले नाही. उद्या साडेपाचला तीच त्याच्यासोबत उडेल, तो तास तिच्या लॉगबुकात जाईल, आणि मी धावपट्टीच्या कुंपणाशी उभा असेन.