टोरांटो की कॅल्गरी? आधी गाड्या मोजा

सोमवार, रात्री

कॅनडाला निघालेल्या कुटुंबाच्या वहीत बहुतेक वेळा एक तक्ता असतो. वर शहरांची नावं, डावीकडे घरभाडं, पगार, थंडी, आपली माणसं. तक्ता करायलाच हवा. पण त्यात एक रकाना हमखास राहतो आणि निम्मा निकाल तोच लावतो, असं माझं पक्कं मत झालंय. त्या शहरात, त्या पत्त्यावर राहिलं तर घरात गाड्या किती लागतील?

अल्बर्टा प्रांतातल्या कॅल्गरी आणि एडमंटनमध्ये टोरांटोपेक्षा भाडं कमी, म्हणून ओढा तिकडे. आता दोघंही नोकरीला, एक मूल शाळेत, एक पाळणाघरात, आणि घर शहराच्या कडेला नव्या वसाहतीत, असं चित्र समोर धरू. कॅल्गरीत या घराला दोन गाड्या लागतात. भाड्यात महिन्याला सहाशे डॉलर वाचले असं धरलं, तरी दुसऱ्या गाडीचा हप्ता, विमा, पेट्रोल आणि हिवाळी टायर मिळून ते सहज गिळतात. त्यातही पहिल्या वर्षाचा विमा सगळ्यात जड, कारण भारतात पंधरा वर्षं गाडी चालवली असली तरी बऱ्याच विमा कंपन्या तो अनुभव धरत नाहीत.

टोरांटोत याच्या उलट. सबवेला चालत जाता येईल असं घर महाग पडतं, पण तिथं गाडीशिवाय संसार होतो. २६ फेब्रुवारी २०२४ पासून ब्रॅम्प्टन आणि मिसिसागा या टोरांटोला लागून असलेल्या शहरांच्या बसमधून टीटीसीत, म्हणजे टोरांटोच्या बस-सबवेत, बदलताना दुसरं तिकीट पडत नाही, मात्र बदल दोन तासांच्या आत हवा आणि दोन्हीकडे तेच कार्ड लावायला हवं, मग ते प्रवासाचं प्रेस्टो कार्ड असो की बँकेचं. म्हणून ब्रॅम्प्टनमध्ये राहून टोरांटोत नोकरी करणं पूर्वीपेक्षा परवडतं. पैशांपुरतं. वेळेचा हिशेब वेगळा करावा लागतो.

तो असा करावा. नकाशात घराचा आणि कामाचा पत्ता टाकून मंगळवारी सकाळी साडेआठला पोचायची वेळ द्यायची. नुसतं 'आत्ता निघालो तर' बघायचं नाही, कारण भारतातल्या आत्ताला तिथं मध्यरात्र असते. मग संध्याकाळी सहाला पाळणाघर बंद होतं असं धरून परतीचाही तोच प्रयोग. दर अर्ध्या तासाला एकच बस असेल, तर ती चुकली की काय होईल तेही बघायचं. हे दहा मिनिटांचं काम शंभर व्हिडिओंपेक्षा जास्त सांगतं.

आणि भाडेकरारावर सही करण्याआधी त्या पत्त्याच्या पिनकोडवर गाडीच्या विम्याचा दर मागवायचा. ऑन्टारियोत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, विमा खासगी कंपन्यांकडे आहे आणि पिनकोडनुसार हप्ता बदलतो. ब्रॅम्प्टनचे दर प्रांतातल्या सर्वांत चढ्या दरांत मोडतात. त्यामुळे ब्रॅम्प्टनमधलं स्वस्त बेसमेंट, म्हणजे तळघरातलं घर, आणि दोन गाड्या, हा हिशेब टोरांटोच्याच एटोबिकोक भागातल्या महाग फ्लॅटपेक्षा महाग पडू शकतो. मॅनिटोबा, सस्कॅचवन आणि व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मूळ विमा सरकारी संस्थेकडूनच घ्यावा लागतो, तिथं दहा कंपन्यांचे दर काढत बसायचा प्रश्नच येत नाही.

मंगळवार

गाड्यांच्याही आधी एक प्रश्न येतो, तो परवान्याचा. नर्स, शिक्षक, फिजिओथेरपिस्ट, इलेक्ट्रिशियन, स्वाक्षरीचा अधिकार असलेला इंजिनीअर, या कामांचं नियमन प्रांत करतात, केंद्र नाही. इमिग्रेशनसाठी केलेलं पदवीचं मूल्यांकन वेगळं आणि कामाचा परवाना वेगळा. लोक पहिल्यालाच दुसरं समजून विमानात बसतात, तिथं फार वाईट वाटतं. सिव्हिल इंजिनीअरनं ऑन्टारियोसाठी पीईओ आणि अल्बर्टासाठी अपेगा, या परवाना देणाऱ्या दोन्ही संस्थांच्या अटी शेजारी ठेवून वाचाव्यात. पीईओनं कॅनडातल्या अनुभवाची अट मे २०२३ मध्ये काढली. ऑन्टारियोत १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहिरातीत 'कॅनडातला अनुभव हवा' असं लिहिता येत नाही. जाहिरातीतून अट गेली म्हणजे मुलाखत घेणाऱ्याच्या मनातूनही गेली असं नाही, पण दार आधीपेक्षा किलकिलं झालंय. सॉफ्टवेअरवाल्यांना यातलं फारसं काही लागत नाही, त्यांनी थेट गाड्यांच्या रकान्याकडे यावं.

कामाच्या दृष्टीनं शहरांचे स्वभाव ठरलेले आहेत. बँका, विमा आणि बड्या कंपन्यांची मुख्यालयं टोरांटोत, तेल-वायू आणि त्याभोवतीचं इंजिनीअरिंग कॅल्गरीत, कारखान्यांची देखभाल आणि प्रांतसरकारची कामं एडमंटनला. किचनर-वॉटर्लू आणि ऑटावाचं कनाटा टेक्नॉलॉजीसाठी, विंडसर मोटारींच्या सुट्या भागांसाठी, माँट्रिऑल विमानउद्योगासाठी. माँट्रिऑलचं भाडं टोरांटो-व्हँकुव्हरपेक्षा हलकं आणि मेट्रो चांगली, पण फ्रेंच शिकायची मनापासून तयारी नसेल तर तो विचार सोडून द्यावा. १९७७ च्या भाषा कायद्यानं स्थलांतरितांची मुलं सरकारी फ्रेंच शाळेत जातात, आणि २०२२ च्या कायद्यानुसार काही अपवाद सोडले तर सहा महिन्यांनंतर सरकारी पत्रव्यवहार फ्रेंचमधूनच होतो. शिवाय माँट्रिऑलच्या क्युबेक प्रांताची निवडप्रक्रियाही वेगळी, केंद्राची गुणांवर चालणारी एक्स्प्रेस एन्ट्री तिथं चालत नाही.

प्रांताचं नामांकन, म्हणजे 'हा माणूस आम्हाला हवा' अशी त्या प्रांताची निवड, घेऊन जाणाऱ्यांसाठी शहराची निवड तिथंच संपते. एक्स्प्रेस एन्ट्रीत त्या नामांकनाचे ६०० गुण 'मी याच प्रांतात राहणार' या शब्दावर मिळालेले असतात. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा, मिळाल्यावर कुठंही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या सहाव्या कलमात आहे, हे खरं. पण मनात आधीपासून टोरांटो ठेवून मॅनिटोबाचं नामांकन घेणं म्हणजे अर्जात खोटं लिहिणं, आणि ते पुढं नडू शकतं.

कराबद्दल थोडक्यात. अल्बर्टात खरेदीवर फक्त ५ टक्के, ऑन्टारियोत १३, ब्रिटिश कोलंबियात बहुतेक वस्तूंवर १२. 'अल्बर्टात टॅक्स कमी' हे वाक्य यातून आलंय. पण २०२५ च्या दरांनी साठ हजार डॉलर पगारावर अल्बर्टाचा आणि ऑन्टारियोचा प्रांतिक आयकर काढून पाहिला, तर फरक काहीशे डॉलरांचाच निघतो. मोठा फरक पडतो तो मोठ्या पगारावर आणि मोठ्या खरेदीवर, म्हणजे गाडी, फर्निचर, घर.

चार वर्षांचं मूल असेल तर एक गोष्ट तक्त्यात ठळक लिहावी. ऑन्टारियोत ज्या वर्षी मूल चार पूर्ण करतं त्याच सप्टेंबरपासून ज्युनिअर किंडरगार्टन, पूर्ण दिवस, मोफत. अल्बर्टात सरकारी किंडरगार्टन एक वर्ष उशिरा आणि बहुतेक ठिकाणी अर्धा दिवस. उरलेल्या अर्ध्या दिवसाचं पाळणाघर, आणि दुपारी मुलाला एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायला कोण? पुन्हा दुसरी गाडी, किंवा दोघांपैकी एकाची नोकरी. बहुतेक घरांत ती आईची असते.

सरकारी उपचारांसाठीच्या आरोग्य कार्डाचंही तसंच, प्रांतागणिक वेगळं. परदेशातून थेट आलेल्या पीआर कुटुंबाला ऑन्टारियोत आणि अल्बर्टात थांबावं लागत नाही. ब्रिटिश कोलंबियात आल्या महिन्याचे उरलेले दिवस अधिक दोन महिने. तेवढ्या काळाचा खासगी विमा निघण्याआधी घ्यावा.

गुरुवार

थंडीबद्दल सगळे विचारतात आणि उत्तरात सरासरी आकडा मिळतो. जानेवारीत विनिपेग उणे १६, टोरांटो उणे ४ च्या आसपास, व्हँकुव्हर शून्याच्या वर ४. कॅल्गरीचा आकडा मात्र फसवा आहे. तिथं एका आठवड्यात उणे ३० आणि पुढच्या आठवड्यात अधिक १० होऊ शकतं.

कारण चिनूक. रॉकी पर्वत ओलांडून उतरणारा कोरडा, उबदार वारा. तो येण्याआधी पश्चिमेकडे ढगांची एक लांबच लांब कमान दिसते, वर करडं छप्पर आणि खाली डोंगरांवर निळ्या आकाशाची सरळ पट्टी. काही तासांत पागोळ्या गळायला लागतात, मुलं जॅकेट उघडं टाकून फिरतात. खरा त्रास दुसऱ्या दिवशी. वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि फुटपाथवर काचेसारखा थर बसतो, डोळ्यांना ओला रस्ता वाटतो. बर्फापेक्षा माणसं यावरच जास्त घसरतात. अर्धशिशी असणाऱ्यांपैकी काहींना या वाऱ्यात त्रास वाढतो, घरात कोणाला असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं. बर्फ थांबल्यापासून २४ तासांत घरापुढचा फुटपाथ साफ करायचा, हा महापालिकेचा नियम. भाड्याच्या घरात ते काम कोणाचं, हे करारात लिहून घ्यावं.

एडमंटन, सस्काटून, विनिपेग इथं गाडीच्या पुढच्या जाळीतून एक तीन पिनांचं प्लग लोंबताना दिसतं. तो ब्लॉक हीटर, इंजिन गरम ठेवणारा. उणे १५ ते २० च्या खाली रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होईलच याचा भरवसा नसतो. निघण्याआधी तीन-चार तास वीज पुरते, रात्रभर लावून बिल वाढवायचं कारण नाही, साधा टायमर लावावा. या शहरांत घर बघताना पार्किंगच्या खांबावर वीजजोड आहे का आणि तो चालू आहे का, हे विचारायचं. दुसऱ्या शहरातून आणलेल्या जुन्या गाडीत हीटर बसवलेलाच नसेल, हेही तपासायचं.

बसनं जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचा तो वाऱ्यासकटच्या थंडीचा आकडा. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. म्हणजे थांब्यापर्यंत बारा मिनिटं चालणं आणि तिथं दहा मिनिटं थांबणं हा त्या दिवशी गैरसोयीचा नव्हे, धोक्याचा विषय होतो. कॅल्गरीत ट्रेनच्या निळ्या मार्गावर, सॅडलटाउनपासून चालत पाच-सात मिनिटांत घर मिळालं तर एका गाडीत निभतं. शहराच्या मध्यभागात सेव्हन्थ अॅव्हेन्यूवर ट्रेनला तिकीट नाही, आणि तिथून ऑफिसपर्यंत इमारतींना जोडणारे बंद पूल आहेत, सुमारे १६ किलोमीटरचं जाळं. काम मध्यभागात असेल तर कॅल्गरी एकदम सोपी होते. काम दक्षिण-पूर्वेच्या गोदामांमध्ये, सकाळी सहाच्या पाळीला असेल, तर हे सगळं निरुपयोगी.

कॅल्गरीच्या ईशान्य भागात भारतीय वस्ती दाट. दुकानं, गुरुद्वारे, मंदिरं, पंजाबी बोलणारा डॉक्टर, सगळं हाताशी. हाच भाग १३ जून २०२० ला आणि पुन्हा ५ ऑगस्ट २०२४ ला गारपिटीनं झोडपला. भिंतींच्या प्लास्टिक पट्ट्यांची चाळण झाली, गाड्यांच्या काचा फुटल्या. गारांचं नुकसान गाडीच्या 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' विम्यातूनच मिळतं. हप्ता वाचवायला तो भाग काढून टाकला तर काहीच मिळत नाही. भाडं दोनशे डॉलर जास्त पण गॅरेज बंदिस्त, असं घर मिळत असेल तर मी तेच घ्या म्हणेन.

व्हँकुव्हरबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे. ऑक्टोबर ते मार्च पाऊस, बर्फ क्वचित, स्कायट्रेन उत्तम, आणि भाडं असं की दोन चांगले पगार आधी हातात हवेत.

शनिवार

बेसमेंट. पहिलं घर बहुतेकांचं हेच असतं, म्हणून यावर सविस्तर. कॅल्गरीत महापालिकेची नोंदणीकृत जागांची यादी ऑनलाइन आहे, पत्ता टाकून बघता येते. प्रत्यक्ष जाताना मोजपट्टी न्यावी. झोपण्याच्या खोलीची खिडकी पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा निदान ०.३५ चौरस मीटर आणि कोणतीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नको. आग लागली तर माणूस तिथूनच बाहेर पडणार असतो. ही खिडकी नसेल तर ती झोपायची खोली नव्हे, मालक काहीही म्हणो. नंतर विचारायचं की थर्मोस्टॅट कोणाकडे आहे. वरच्या मजल्यावर असेल, तर वरचे लोक कामाला गेले की ते तापमान उतरवतात आणि खाली मुलं कुडकुडतात. वीज-गॅसचं बिल 'चाळीस टक्के तुमचं' असं ठरत असेल तर जानेवारीचं जुनं बिल बघायला मागावं. जूनचं बिल दाखवून फसगत होते.

अनामतीचे नियम प्रांतागणिक वेगळे. ऑन्टारियोत पहिल्या महिन्याचं भाडं आणि शेवटच्या महिन्याचं आगाऊ, यापलीकडे मोडतोडीची अनामत मागता येत नाही. अल्बर्टात जास्तीत जास्त एका महिन्याचं भाडं, ब्रिटिश कोलंबियात अर्ध्या महिन्याचं. ऑन्टारियोत भाडेवाढीला २०२६ साठी २.१ टक्क्यांची मर्यादा आहे, पण १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या जागांना ती लागू नाही. टोरांटोतल्या चकचकीत नव्या टॉवरमध्ये दुसऱ्या वर्षी भाडं एकदम चढतं ते यामुळे. अल्बर्टात मर्यादाच नाही, फक्त ३६५ दिवसांत एकदा वाढवता येतं. प्रत्यक्ष जागा बघितल्याशिवाय भारतातून पैसे पाठवायचे नाहीत, मालक कितीही गोड बोलो. पहिले तीन-चार आठवडे तात्पुरती खोली, आणि त्या काळात घरशोध.

लायसन्सचा दाखला, ज्याला आरटीओत डीएल एक्स्ट्रॅक्ट म्हणतात, तो निघण्याआधीच काढून ठेवावा. भारतीय लायसन्सवर ऑन्टारियोत ६० दिवस, अल्बर्टात आणि ब्रिटिश कोलंबियात ९० दिवस चालवता येतं. नंतर लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा. अनुभवाचा मान्य पुरावा नसेल तर नवशिक्यांच्या रांगेत थांबावं लागतं आणि दुसऱ्या गाडीचा प्रश्न वेगळ्याच प्रकारे सुटतो, चालवायला कोणी नसल्यानं. कोणतं पत्र ग्राह्य धरतात ते प्रांताच्या संकेतस्थळावर वाचून मगच आरटीओत जावं.

दोन शहरांत मन अडकलंच असेल, तर मे महिन्यात पोचेल असं तिकीट काढावं. शाळा जूनअखेरपर्यंत सुरू असतात, नाव घालता येतं, आणि पहिला हिवाळा येईपर्यंत पाच महिने मिळतात. पहिल्या शहरात वर्षाचा करार न करता महिन्या-महिन्याचा मिळतो का ते बघावं. पुढं प्रांत बदललात तर ३१ डिसेंबरला जिथं राहत असाल त्या प्रांताचा आयकर अख्ख्या वर्षाला लागतो, त्यामुळे हलण्याची तारीख कॅलेंडर बघून ठरवावी. आणि जुन्या प्रांताचं आरोग्य कार्ड लगेच टाकून देऊ नये. नवं सुरू होईपर्यंत, साधारण तीन महिने, दवाखान्यात तेच दाखवायचं असतं.