तुम्ही विचारलेत म्हणून : एकाच खोऱ्यात पाच रात्री कशासाठी?

म्युनिकला राहायला आल्यापासून नातेवाईक आणि मित्र मला एकच प्रश्न वारंवार विचारतात : आल्प्ससाठी हाताशी सहा दिवस असतील, तर कोणकोणती ठिकाणे करावीत? माझ्या उत्तरात एकच नाव असते. इटलीच्या उत्तर भागातील दक्षिण टायरोलमधील वाल गार्देना या खोऱ्यात जावे आणि पाचही रात्री तिथेच राहावे.

ओर्तिसेई, सांता क्रिस्तिना आणि सेल्वा ही तिथली तीन गावे एकामागून एक चढत जातात. गावांच्या पाट्यांवर लादिन, जर्मन आणि इटालियन नावे शेजारी शेजारी असतात. हा प्रदेश पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता आणि १९१९च्या तहाने इटलीकडे आला. लॅटिनमधून घडलेली लादिन मात्र त्याच्या कित्येक शतके आधीपासून इथे नांदते आहे. आज ती डोलोमाइट्स या इथल्या पर्वतरांगेच्या पाच खोऱ्यांत मिळून तीसेक हजार लोक बोलतात. दुकानात शिरताना ‘बोन दी’ एवढे म्हटले तरी समोरच्याचा चेहरा खुलतो.

माझा सर्वाधिक वेळ ओर्तिसेईच्या लाकूडकामात जातो. हिवाळ्यात शेतीची कामे महिनोन्महिने थांबत, तेव्हा घरात बसून हाताला काम हवे म्हणून सतराव्या शतकापासून इथली माणसे पाइनच्या मऊ, सुगंधी लाकडातून संतांच्या मूर्ती कोरू लागली. पुढे त्यांच्या बाहुल्या आणि खेळणी युरोपभर विकली गेली. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे पाहत मी वाढलो, त्यामुळे ओर्तिसेईच्या संग्रहालयातील त्या बाहुल्यांसमोरून माझा पाय लवकर निघत नाही.

खेळ म्हटला की इथे सासलोंगचे नाव निघते. याच नावाच्या ३,१८१ मीटर उंच पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या उतारावर दर डिसेंबरमध्ये जागतिक चषकाची स्कीइंग शर्यत होते. आपल्यासारख्या नवख्यांनी मात्र प्रशिक्षकाशिवाय स्की पायांत घालू नयेत. उन्हाळ्यात जुन्या रेल्वेच्या वाटेवरून चालावे. महायुद्धाच्या काळात रशियन युद्धकैद्यांकडून घाईने बांधून घेतलेली ही अरुंद रेल्वे १९६०मध्ये बंद झाली आणि आता तिच्या मार्गावर मुलेबाळे फिरतात.

जेवणाची काळजी शाकाहारी मंडळी आधीच करतात. पालक आणि चीज भरलेली, करंजीच्या आकाराची ‘श्लुट्सक्राप्फेन’ वितळलेल्या लोण्यासह निर्धास्त मागवावीत; शिळ्या पावाचे क्नोडेल नावाचे गोळे आणि जवाचे सूप घेताना मात्र त्यात श्पेक, म्हणजे धुरावलेले डुकराचे मांस आहे का, हे जरूर विचारावे, कारण बहुधा ते असते.

आता पाच रात्रींविषयी. डोलोमाइट्सचे हे पर्वत मुळात प्राचीन उष्ण समुद्रातल्या प्रवाळांचे आणि गाळाचे असून त्यांचा फिकट खडक सूर्यास्ताला आधी केशरी, मग गुलाबी होतो. लादिनमध्ये याला ‘एनरोसादिरा’ म्हणतात. ओर्तिसेईहून रोपवेच्या पाळण्याने आल्पे दी सिउसीच्या ५६ चौरस किलोमीटरच्या कुरणावर गेले की सासलोंग अगदी समोर येतो. पहिल्या खेपेस तो दोन दिवस ढगांतून बाहेरच आला नाही. तिसऱ्या संध्याकाळी आकाश पश्चिमेकडून उघडले आणि जेमतेम दहा मिनिटे तो पेटल्यासारखा उभा राहिला. दोनच रात्रींचे आरक्षण केले असते, तर त्या वेळी मी परतीच्या गाडीत असतो.