रातकिडे थांबतात तेव्हा

रविवार, रात्री साडेअकरा.

आज आमच्या ओसरीवर डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव झाला (प्रत्येकाने एक पात्र वठवायचे आणि त्याचे यशापयश फाशांनी ठरवायचे, असा हा गोष्टीचा खेळ; तो चालवणारी मी) आणि त्यातील सर्वांत चांगला प्रसंग माझ्या हातून बिघडला. वीज गेल्यामुळे कंदील लावला होता, आणि मामेभाऊ आपल्या पात्राच्या मृत गुरूविषयी इतक्या हळू आवाजात बोलत होता की कुणीही मध्ये शब्द काढत नव्हते. गोष्टीतल्या उंच गवतात दरोडेखोर दबा धरून बसले आहेत, हे केवळ मला ठाऊक होते. मी म्हणाले, "सगळ्यांनी परसेप्शन टाका," म्हणजे आसपासचे काही जाणवते का, यासाठी फासा टाका. वीस बाजूंचे चार फासे घरंगळले: 4, 7, 9 आणि 3. कुणालाच काही जाणवत नाही, असे मी सांगितले. तरी पुढच्या क्षणी एकाने ढाल पुढे घेतली, दुसरीने धनुष्याला बाण लावला, आणि गुरूची गोष्ट अर्धीच राहिली. यात त्यांचा दोष नाही. फासा टाकायला सांगितले, म्हणजे तिथे काहीतरी आहे हे मीच सांगून टाकले होते.

हिशेबानेही ती मागणी चुकीचीच होती. फासा आणि मॉडिफायर (पात्राच्या कौशल्यामुळे फाशात मिळवायचा आकडा) मिळून गाठायचे लक्ष्य 15 होते. प्रत्येकाचा मॉडिफायर साधारण +3 धरला, तर एकट्याला यश मिळण्याची शक्यता 45 टक्के असते, पण चौघांनी एकदम फासे टाकले की कुणातरी एकाला दिसण्याची शक्यता 91 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे दबा धरण्याला अर्थच उरत नाही. आज उरलेल्या 9 टक्क्यांतली गोष्ट घडली, तरीही प्रसंग वाचला नाही.

डाव संपल्यावर बाबांना जागलीवर चहा नेऊन दिला. मचाणाखाली उभे राहून ते तुरीच्या भावाबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता त्यांनी टॉर्च एकदम धुऱ्याकडे वळवला. तिथे रानडुकरे होती. मला काहीही ऐकू आले नव्हते. कसे कळले, असे विचारल्यावर ते म्हणाले, "त्यात आयकाचं काय, पोरी? रातकिडे चूप झाले का समजाचं."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होते. बाबांना कुणी "लक्ष दे" असे सांगितले नव्हते. माझ्याशी बोलत असतानाही त्यांचे कान आपले काम करत होते. या खेळाच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीतील पॅसिव्ह परसेप्शन म्हणजे हेच: 10 अधिक पात्राचा परसेप्शनचा मॉडिफायर, आणि लपणाऱ्याचा स्टेल्थचा, म्हणजे लपण्याच्या कौशल्याचा, आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा. हा नियम मला पाठ होता, पण मी तो केवळ फासा वाचवण्याची सोय समजत होते. आता चौघांचे आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून, खेळाडूंना दिसू नयेत म्हणून माझ्यासमोरच्या पडद्यामागे ठेवले आहेत. फासा टाकायचा तो खेळाडू स्वतःहून काही शोधू लागेल तेव्हा, म्हणजे गवत बाजूला सारेन किंवा जमिनीला कान लावेन असे म्हणेल तेव्हा. पाथफाइंडर या अशाच आणखी एका खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत असे काही फासे गेम मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) गुपचूप टाकण्याचीच तरतूद आहे. ती पद्धत माझ्या मनाला पटत नाही, कारण फासा आपल्या हातून सुटण्यात खेळाडूचा जीव गुंतलेला असतो. त्यापेक्षा, आकडा कमी आला तरी "काही दिसत नाही" असे न म्हणता, वाऱ्याची दिशा किंवा चुरगळलेले पान असे काहीतरी खरे पण अपुरे सांगणे मला योग्य वाटते.

एक बारकावा मात्र आजवर माझ्या नजरेतून सुटला होता. अंधुक उजेडात पॅसिव्ह आकड्यातून 5 वजा होतात, पण केवळ दृष्टीवर अवलंबून असलेल्या गोष्टींसाठी. कानांना ती वजाबाकी लागू होत नाही. पुढच्या रविवारी हे चौघे रात्री घाट ओलांडतील आणि तिथे लपलेल्यांचा स्टेल्थ मी आताच टाकून ठेवला आहे: 13. मामेबहिणीच्या पात्राचा पॅसिव्ह आकडा 14 आहे, म्हणजे डोळ्यांसाठी 9, कानांसाठी 14. तिला कुणीही दिसणार नाही. मी घाटाचे वर्णन करत राहीन, आणि मध्येच तिच्याकडे पाहून एवढेच सांगेन की रातकिडे थांबले आहेत.