टॉवेलचा हिशेब: इंजिनिअरिंगवाल्यांसाठी व्यवस्थापनाची पहिली आकडेमोड

इंजिनिअरिंग आणि सायन्सच्या मुलांना व्यवस्थापनाचा पेपर म्हणजे आदल्या रात्री उरकायचा विषय. टेलर, फेयॉलची १४ तत्त्वं, चार आकृत्या, झालं. पास व्हायला तेवढं पुरतं. पण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात दोनच प्रश्न रोज उभे असतात: एका नगामागे सुटतात किती, आणि ते पैसे हातात येतात कधी?

आधी पहिला प्रश्न. ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ४०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाचा) टॉवेल घ्या. क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर, म्हणजे वजन ३९२ ग्रॅम. सुताची घट ५ टक्के धरली तर सूत लागतं सुमारे ४१३ ग्रॅम. पुढचे दर समजुतीपुरते आहेत, बाजारात विचारून आपले घालावेत. रंगवलेलं सूत २५० रुपये किलो धरलं तर सुताचे १०३ रुपये. विणाईची मजुरी १८, शिलाई-पॅकिंग ७, वीज ६. नगामागे बदलता खर्च १३४ रुपये. विक्री १६० ला. सुटले २६. पुस्तकात यालाच कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. हा नफा नव्हे, स्थिर खर्च अजून यातूनच भागायचा आहे.

महिन्याचं शेडभाडं ४०,०००, सुपरवायझर आणि दिवाणजी ४५,०००, कर्जाचं व्याज २०,०००, घसारा (यंत्रांची झीज) १५,०००, किरकोळ १०,०००. एकूण १,३०,०००. भागिले २६, म्हणजे ५,००० नग. एवढे विकले की ना नफा ना तोटा, म्हणजेच ब्रेक-इव्हन. इथे मुलं हमखास चुकतात ती बँकेच्या हप्त्यात. अख्खा हप्ता खर्चात धरतात. खर्च फक्त व्याजाचा. मुद्दल परत करणं हा खर्च नाही, पण रोकड मात्र जाते. घसाऱ्याचं उलटं: खर्च आहे, रोकड जात नाही.

आता सूत किलोमागे २० रुपयांनी वाढू द्या. नगामागे सव्वाआठ रुपये जादा, कॉन्ट्रिब्युशन पावणेअठरावर, आणि ५,००० चे थेट ७,३०० च्या वर नग विकावे लागतात. सूत ८ टक्क्यांनी महागलं, ब्रेक-इव्हन सत्तेचाळीस टक्क्यांनी सरकला! पातळ कॉन्ट्रिब्युशनचा धंदा असाच असतो.

इंजिनिअरचा खरा उपयोग इथे आहे. पाइलच्या बीमचा (टॉवेलवरच्या लूपचं सूत गुंडाळलेल्या रुळाचा) ताण सैल पडला, लूप उंच आले आणि ४०० ऐवजी ४२० जीएसएम निघालं, तर गिऱ्हाईक तक्रार करत नाही. टॉवेल हाताला मऊच लागतो. पण नगामागे जवळपास २१ ग्रॅम सूत, म्हणजे पाच रुपये फुकट जातात. २६ मधले पाच! म्हणून मागावरून उतरलेल्या मालाचं वजन पाळीगणिक, मागवार लिहून ठेवा. महिन्याच्या सरासरीत एक बिघडलेला माग सहज लपून जातो.

साठ्याच्या सूत्रावर मी फार वेळ घालवणार नाही. हॅरिसचं १९१३ चं ईओक्यू (एका वेळी किती माल मागवावा, याचं सूत्र) भाव स्थिर धरून चालतं आणि सुताचा भाव स्थिर नसतो. अंदाजापुरतं वापरा.

दुसरा प्रश्न जास्त घातक. महिन्याला ८,००० नग विकले तर नफा ७८,०००. कागदावर उत्तम. आता दिवस मोजा: सुताचा साठा १५, मागावर आणि शिलाईत १०, तयार माल १०, व्यापाऱ्याची उधारी ६०. बेरीज ९५. सूतवाला १५ दिवस थांबतो, उरले ८०. रोजची रोकड साधारण ४० हजार जाते, म्हणजे ढोबळमानाने ३२ लाख कायम अडकलेले. (सगळा खर्च पहिल्या दिवशीच होत नसल्याने खरा आकडा थोडा कमी येतो.) वर, उधारीवर विकलेल्या मालाचा जीएसटी पैसे येण्याआधीच भरावा लागतो. नफ्यातला कारखाना मजुरीला महाग होतो तो असा.

उधारी ६० वरून ४५ वर आणली तर सहा लाख मोकळे होतात. कायदाही बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराच्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा मिळतो. मार्च जवळ आला की फोन उचलले जातात ते यामुळे.

प्रत्यक्षात व्याज मागायला कारखानदार कचरतो, कारण पुढची ऑर्डर जायची भीती. ती भीती खोटी नाही. पण उद्यम नोंदणी क्रमांक आणि पैसे देण्याची मुदत बिलावर छापायला भांडण लागत नाही. माल पोचल्याची तारीख सही-शिक्क्यासह चलनावर घ्या. दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, आणि वाद निघाला की सगळ्यात आधी तोच कागद मागितला जातो.