कालावलच्या खाडीत, पाण्याच्या वेळेने

मालवण तालुक्यातल्या तळाशीलला पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. ज्यांच्या होडीतून जायचे होते ते आबा माडाच्या सावलीत बसून पागाचे, म्हणजे हाताने फेकायचे, फाटलेले जाळे सांधत होते, आणि निघण्याची घाई फक्त मला होती. कणकवली, मसुरे करत आलेली गड नदी इथवर येऊनही समुद्राला सरळ भेटत नाही. तोंडवळी-तळाशीलच्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीला समांतर वाहत ती दक्षिणेकडे जाते आणि मग मिळते, त्यामुळे गावाच्या एका अंगाला समुद्राची गाज आणि हाकेच्या अंतरावर दुसऱ्या अंगाला कालावलची निवांत खाडी, अशी इथली रचना आहे.

मोबाईलमध्ये भरती-ओहोटीचे तक्ते असूनही आबांचा हिशेब तिथीचा होता. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्या दिवशी मार्गशीर्षातली पौर्णिमा होती, म्हणजे पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीच्या आत पाणी पोहोचायला अजून थोडा वेळ लागतो, तो वेगळा. मुंबईत उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढलेले पाहण्याची सवय असल्याने इथले दोन-अडीच मीटर मला किरकोळ वाटले होते. तो गैरसमज संध्याकाळपर्यंत टिकला.

नऊच्या सुमारास भरतीबरोबर आत निघालो. वल्हे जवळजवळ मारावेच लागत नव्हते. पाणीच होडी ओढून नेत होते. आबांच्या हातात लांब बांबू होता आणि थोड्याथोड्या वेळाने ते तो तळाला टेकवून पाहत होते. चिखलात तो हळूच रुततो आणि काढताना ओढ लागते, रेवेवर खरखरतो, खडपावर टणकतो. या खाडीत वाळूचा उपसा बराच होत आल्याने तळ सारखा बदलतो आणि मागच्या वर्षीची खोल वाट यंदा तिथे असेलच असे नाही, म्हणून डोळ्यांपेक्षा बांबूवर त्यांचा भरवसा अधिक.

मुख्य पात्र सोडून एका आडव्या फाट्यात शिरलो आणि दोन्ही बाजूंनी कांदळवन अंगावर आले. कडेला चिपी, जिला 2020 मध्ये महाराष्ट्राच्या राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. तिच्या मागे कमानीसारखी मुळे पाण्यात रोवून उभे असलेले कांदळ आणि आत तिवर. तिवराचे एक पान आबांनी तोडून माझ्या हातात दिले. पानावर मिठाचे बारीक कण चमकत होते आणि जिभेला लावल्यावर ते खरोखरच खारट लागले. मुळांवाटे आलेले जादा मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकते. ओल्या चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या.

भरती पूर्ण झाली तशी तासभर आम्ही गरी टाकून बसलो. हाती लागली दोन काळुंदरे. आबांना त्याचे काहीच वाटले नाही, कारण पाणी चढलेले असताना मासा मुळांच्या गर्दीत चरायला शिरतो आणि तिथे त्याला गाठणे कठीण. ओहोटी लागली की त्याला फाट्याच्या तोंडातूनच बाहेर पडावे लागते. म्हणून भाकरी खाऊन आम्ही तोंडाशी येऊन थांबलो. दुपारी दोननंतर पाण्याला उलटी ओढ लागली आणि आबा होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभे राहिले. पागाची दोरी डाव्या मनगटाला, जाळ्याचा एक पदर कोपरावर, कडेची शिशाची एक गोळी दातांत धरलेली. कमरेतून गिरकी घेत त्यांनी सोडलेला पाग हवेत गोल उघडला आणि सगळ्या गोळ्या एकदमच पाण्यावर पडल्याचा एकच आवाज आला. बोय, मुडदुशे, थोडी सुंगटे असे बरेच काही त्यात निघाले. माझ्या तीन प्रयत्नांत पाग पुरणपोळीसारखा घडी होऊनच पडला.

खरे तर साडेतीनला निघायला हवे होते. आबांनी ते दोनदा सांगितले, पण तेवढ्यात माझ्या गरीला तांबोशी लागली. तांबोशी लागताच मुळांकडे धावते, हे ठाऊक असूनही मी दोरी सैल सोडली आणि तिने ती कांदळाच्या मुळांभोवती गुंडाळली. मासा दिसतो आहे, येत मात्र नाही, अशा अवस्थेत माझा अर्धा तास गेला. शेवटी दोरी तुटली. मान वर केली तेव्हा मघापर्यंत पाण्यात असलेली मुळे कमरेइतकी उघडी पडली होती. फाट्याच्या तोंडाशी चिखलाचा उंचवटा वर आला होता आणि होडी त्यावर टेकून राहिली. सव्वाचार वाजले होते.

उतरून ढकलावी म्हणून मी पाय बाहेर काढला, तर आबा म्हणाले, "थय नको, मांडीपर्यंत जाशात." आत पावणेसहाला पाणी पुरते सुकणार, म्हणजे तोवर जेवढा वेळ उरला होता तेवढाच पाणी परत इथवर चढायलाही जाणार; सव्वासातशिवाय होडी हलणे नव्हते. दोन मीटर पाणी म्हणजे किती, ते मला तेव्हा कळले. तीन तास आम्ही चिखलावरच्या होडीत बसलो. आबांनी विडी ओढली आणि फाटलेला पाग पुन्हा मांडीवर घेतला. सूर्य तळाशीलच्या माडांमागे गेला, मसुऱ्याच्या बाजूला पौर्णिमेचा चंद्र वर आला आणि खेकड्यांची चटचट सगळीकडून ऐकू येऊ लागली. डासांविषयी न लिहिलेलेच बरे.

सातनंतर होडीच्या बुडाखाली पाण्याचा बारीक चळचळ आवाज सुरू झाला. मग होडी एका बाजूने किंचित उचलली गेली. आबांनी बांबू रोवून एक रेटा दिला आणि आम्ही सुटलो. येणाऱ्या पाण्याविरुद्ध वल्हे मारत किनाऱ्याला लागायला मात्र आणखी तासभर गेला. मासळी वाटून घेताना मी दुसऱ्या दिवशीची वेळ विचारली. ते म्हणाले, "फाल्या पाऊण तास उशिरा इलात तरी चलात."