सॅव्हानातली दहा जणांची पंगत

सॅव्हाना, जॉर्जिया, अमेरिका. गुरुवार.

कामानिमित्त फिरताना एकट्याने जेवण्याची मला सवय आहे आणि त्याचे वाईटही वाटत नाही. फोन ताटाशेजारी टेकवून ठेवावा, चार घास पोटात ढकलावेत आणि उद्याचे कागद चाळायला खोलीवर परतावे, असा शिरस्ता ठरून गेला आहे. आज मात्र बंदरावरचे काम लवकर आटोपले आणि पुढची बैठक तीनला होती, म्हणून जोन्स स्ट्रीटवरच्या मिसेस विल्क्स डायनिंग रूमच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

सेमा विल्क्स यांनी १९४३ मध्ये ही जागा हाती घेतली, तेव्हा इथे भाडेकरू राहत आणि त्यांना इथेच जेवण मिळे. भाडेकरू केव्हाच गेले, पण खानावळीची रीत कायम आहे. टेबल दहा जणांचे, पदार्थांची भांडी मध्यभागी आधीच मांडलेली, आणि एकटा आलेला माणूस जिथे जागा असेल तिथे बसवला जातो. एकट्यासाठी कोपरा नाही, फोन टेकवायला तर टेबलावर वीतभरही जागा नाही. चिकन दुसऱ्या टोकाला असेल तर ते मागावेच लागते, आणि एकदा मागितले की कोणीतरी आपले गाव विचारतेच. आग्रह करणारे कोणी नसले तरी ही पंगतच होती, आणि मला ती हॉटेलातल्या अदबशीर एकांतापेक्षा बरी वाटली.

तळलेल्या चिकनची कीर्ती खरी आहे. बर्फ घातलेला चहा मात्र पाकासारखा गोड होता. माझे लक्ष भेंडी आणि चवळीकडे होते. टोमॅटोबरोबर शिजवलेल्या भेंडीची तार मोडण्याचा कोणीही प्रयत्न केलेला नव्हता, आणि चवळी आपल्या उसळीसारखीच दिसत असली तरी तिला धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा वास होता. शेजारच्या आजींना मी आमच्याकडे भेंडीत आमसूल घालतात असे सांगितले, तर ते कसे दिसते, कुठे मिळते, किती घालायचे, हे सगळे त्यांनी विचारून घेतले.

भेंडी आणि चवळी हे दोन्ही जिन्नस मूळचे आफ्रिकेतले आणि गुलामांच्या व्यापारातून या किनाऱ्यावर आलेले. जॉर्जिया वसाहतीत आरंभी गुलामगिरीला बंदी होती. ती १७५१ मध्ये उठली आणि सॅव्हाना नदीकाठच्या दलदलीत भातशेती पसरली, जिची मेहनत आणि पुष्कळसे ज्ञानही पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचे होते. ज्यांच्या हातचे हे जेवण दक्षिणेचे म्हणून मिरवले गेले, त्यांच्या वंशजांना मात्र शहरातल्या दुकानांच्या लंच काउंटरवर बसून जेवता येत नसे. मार्च १९६० मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी इथल्या काउंटरांवर जाऊन बसले, त्यांना अटक झाली आणि गावातल्या दुकानांवर दीर्घ बहिष्कार पडला; हा हक्क देशभर कायद्याने मिळायला १९६४ साल उजाडले. पंगतीला कोणाला बसू देत नसत, हे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच कोणीही कोणाच्याही शेजारी बसावे आणि भांडे पुढे सरकवावे, ही साधी गोष्ट मला आपोआप घडलेली वाटेना.

जेवण झाल्यावर प्रत्येकाने आपले ताट स्वतः स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचे, असा इथला नियम आहे. आमच्या टेबलावरचे सुटाबुटातले एक गृहस्थ क्षणभर गोंधळले आणि मग दोन ताटे उचलून निघाले.

तीनच्या बैठकीत डोळे उघडे ठेवताना पुरेवाट झाली. रात्रीच्या जेवणाचा प्रश्नच उरला नाही. उद्याचे काम दुपारी दोनच्या आत संपले तर पुन्हा जाईन. शनिवार-रविवारी खानावळ बंद असते.